घसा बसलेल्या आठवड्याचं टाचण

सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या माघारी सगळी शिक्षकखोली रकानेबाई म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. एकवीस वर्षं त्या पाठाचं टाचण काढत आल्या होत्या. कोणत्या तासाला काय आणि कसं शिकवायचं ते आदल्या दिवशीच वहीत लिहून तयार. बाकीचे शिक्षक गेल्या वर्षीचं टाचण तारीख बदलून उतरवत. बाई दरवर्षी कोरी वही घेत, त्यात नऊ रकाने आखत, चार रंगांची शाई वापरत आणि प्रत्येक कृतीपुढे मिनिटं लिहीत. नवा शिक्षक रुजू झाला की मुख्याध्यापिका त्याला आधी बाईंची वही दाखवत. एका बैठकीत बाई बोलून गेल्या होत्या, "टाचण असं पाहिजे की ते घेऊन कोणीही वर्गात उभं राहावं आणि तास नीट व्हावा."

एका सोमवारी चौथ्या तासाला बाईंचा आवाज गेला. घोगरा झाला, चिरकला असलं काही नाही. "छेद" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. संध्याकाळी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली.

"आठ दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण आणखी वाढतो."

बाईंनी खडूने लिहिल्यासारखा हात हवेत फिरवून वर्गाचं काय, असं विचारलं.

"मुलांनाही आठ दिवस आराम पडू दे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर बाईंनी सासूबाईंसाठी पानभर मजकूर लिहिला. डॉक्टर काय म्हणाले, औषध कधी घ्यायचं, आठ दिवस फोन कोणी उचलायचा. सासूबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे गं तुझं. चष्मा सापडला की वाचते." बाईंच्या नवऱ्याने मात्र तो कागद लगेच वाचला आणि चेहऱ्यावरचं समाधान लपवायला वर्तमानपत्र उघडलं.

मंगळवारी सकाळी बाई रजेचा अर्ज घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी तो वाचून तसाच परत केला.

"पुढच्या सोमवारी तपासणी पथक येतंय. आत्ता बदली शिक्षक कुठून आणू? तुम्ही मागच्या बाकावर बसा. तुमचं टाचण आहे ना? तुम्हीच म्हणता, कोणीही शिकवू शकतं."

बाईंनी हात जोडले. मुख्याध्यापिकांना तो होकार वाटला.

त्या तासाला मोकळे असणारे शिक्षक एकच होते, खेळाचे. पोरं त्यांना शिट्टीसर म्हणायची. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, गळ्यात कायम शिट्टी आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पळणारा पोरगा जागच्या जागी थांबावा. त्यांनी टाचणाची वही दोन्ही हातांत घेतली.

"बाई, आधीच सांगतो. गणितात मला पस्तीस मिळाले होते, आणि तेही पुढच्या बाकावरचा जरा वाकून बसायचा म्हणून."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "फक्त लिहिलंय तसं करा." शाळेच्या कपाटातून एक जुनी पाटी त्यांनी बोलण्यासाठी घेतली होती.

शिट्टीसर शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी अगदी लिहिलंय तसंच केलं.

"आज आपण भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत," त्यांनी वाचलं. "येथे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधून घ्यावे."

वर्ग हसला. मागच्या बाकावर बाईंनी कपाळावर हात मारला.

"एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद: छेद समान नाहीत." सरांनी वर पाहिलं. असा प्रतिसाद कोणीच दिलेला नव्हता. त्यांनी थोडं थांबून पाहिलं, मग पुढे वाचलं. "शाब्बास. मग काय करावे लागेल? अपेक्षित प्रतिसाद: छेद समान करावे लागतील. अगदी बरोबर."

बाईंनी पाटी उंच धरली. "कंसातलं वाचू नका." सरांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी अंगठा दाखवला आणि पुढचा कंस वाचला.

पस्तीस मिनिटांचा तास चौदाव्या मिनिटाला संपला. सरांनी वही उलटसुलट करून पाहिली, घरचा अभ्यास फळ्यावर लिहिला आणि उरलेली एकवीस मिनिटं पोरांना उजळणी करायला सांगून खिडकीतून मैदानाकडे बघत बसले. बाईंचा जीव नुसता तळमळत होता. एकवीस वर्षांत त्यांच्या तासाला एक मिनिट कधी उरलं नव्हतं. मधे पळभर त्यांच्या मनात आलं की ती एकवीस मिनिटं आपण रोज कशाने भरत होतो, पण रागाच्या भरात तो विचार तिथेच राहिला.

त्या मागच्या बाकावर आणखी एक गोष्ट झाली. बाईंच्या पुढ्यात एक मुलगी बसली होती. तिला सगळा वर्ग होबाई म्हणायचा, कारण "समजलं का?" असं विचारलं की पहिला "हो, बाई" तिचाच असे. तिची मान हलली की बाई पुढच्या मुद्द्याकडे वळत. इतकी तेजस्वी, समजूतदार मान त्यांनी दुसरी पाहिली नव्हती. आज ती मान त्यांना पाठीमागून दिसत होती. सर वाचत होते आणि मान ठेक्यात हलत होती. बाई जरा पुढे वाकल्या आणि तिच्या वहीत डोकावल्या. तांबड्या शाईचा समास, पट्टीने मारलेली रेघ, आणि खाली सुरेख अक्षरात: १/२ + १/३ = २/५.

बाईंनी शेजारच्या वहीत पाहिलं. २/५. त्याच्या पलीकडच्या वहीत १/२ आणि १/३ च्या भोवती फुलं काढली होती.

शिक्षकखोलीत बाईंनी पाटी पुसून पुसून लिहिलं. "सगळं वाचून का दाखवलंत?"

"लिहिलंय तसं करा म्हणालात."

"कंस शिक्षकासाठी असतात."

"मग पोरांसाठी काय असतं त्यात?" सरांनी विचारलं. त्यांचा स्वर टोचून बोलणाऱ्याचा नव्हता. ते खरोखर वही चाळत होते. "हे बघा बाई, मला गणितातलं कळत नाही. पण ह्यात शिक्षक काय म्हणेल, काय लिहील, काय दाखवेल, सगळं आहे. पोरांना एकच रकाना दिलाय आणि तोसुद्धा तुम्हीच भरून टाकलाय. त्यांनी तसं म्हटलंच नाही, तर मी काय करायचं होतं? ते कुठेच नाही."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "तुम्हाला काय कळतंय यातलं." मग सरांनी वाचायच्या आत हाताने पुसलं.

"लांब उडी शिकवायची असली की मी पहिल्या दिवशी काही सांगत नाही," सर म्हणाले. "सगळ्यांना एकेकदा उडी मारायला लावतो. कोण पळतच नाही, कोण रेघ ओलांडतो, कोण डोळे मिटतो, दहा मिनिटांत कळतं. मग ठरवतो आज काय घ्यायचं. एकच गोष्ट घेतो. तुमच्या ह्या एका तासात उद्दिष्टं सात आहेत. मी मोजली. दुसरं करायला काही नव्हतं."

बाई पाटी तिथेच ठेवून उठल्या. एकवीस वर्षं नावाजलेल्या वहीत खेळाच्या सरांनी खोड काढावी आणि आपल्याला तोंड असून उत्तर देता येऊ नये, ह्याने त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली होती. बोलता आलं असतं तर त्यांनी सरांना दोन मिनिटांत गप्प केलं असतं. बोलता येत नव्हतं म्हणून ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं.

बुधवारी बाईंनी टाचण उघडलंच नाही. तास सुरू होताच प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा दिला आणि फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं, कालचंच. खाली लिहिलं, "नाव घालू नका." पाच मिनिटांत बेचाळीस चिठ्ठ्या गोळा झाल्या. उरलेला वेळ सरांनी पाढे म्हणवून घेतले, मैदानावर कवायत घ्यावी तशा आवाजात. शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला.

संध्याकाळी बाईंनी त्या चिठ्ठ्या घरी जमिनीवर पसरल्या आणि ढीग केले. बरोबर उत्तर चार. कोऱ्या सहा. भलतंच काहीतरी पाच. आणि २/५ लिहिलेल्या सत्तावीस. हा शेवटचा ढीग त्यांनी तीन वेळा मोजला. प्रत्येक जण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळा झाला होता. गेली एकवीस वर्षं पोरं हेच करत असणार. परीक्षेच्या पेपरात बाई त्यावर तांबडी फुली मारत आल्या होत्या, निष्काळजीपणा म्हणून. सत्तावीस जण एकाच दिवशी एकसारखे निष्काळजी असू शकत नाहीत, हे काही त्यांना पटवून द्यावं लागलं नाही.

नवरा चिठ्ठ्यांच्या कडेकडेने चालत आला. "चुकलंय का हे? मला तर दोन पंचमांशच वाटतं."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आला तसाच परत गेला. मग त्यांनी त्याला टाळी वाजवून बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "का वाटतं?"

"एक आणि एक दोन. दोन आणि तीन पाच. त्यात काय?"

त्यांनी लिहिलं, "२/५ अर्ध्याहून जास्त की कमी?"

नवऱ्याने जरा वेळ घेतला. "कमी."

"अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं?"

तो खाली बसला. "अरे, खरंच की," म्हणाला आणि पाटीकडे बघत राहिला. बाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि उद्याच्या तासाची सुरुवात त्यांना मिळाली.

टाचण लिहिताना मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला. रकाने आखायला हात शिवशिवत होता, पण त्यांनी मुद्दाम फूटपट्टी सासूबाईंच्या हाती देऊन टाकली. एकाच कागदावर लिहायचं ठरवलं. वर एक ओळ: तास संपताना प्रत्येकाला दाखवता आलं पाहिजे की हे उत्तर २/५ का नाही. बस्स, एवढंच. छेद समान करायची रीत उद्यावर ढकलली. खाली पहिला प्रश्न, नवऱ्याला विचारला तोच. मग कागदाच्या पट्ट्या. तीस सेंटीमीटरची पट्टी घेतली तर अर्धी होते पंधरा, तृतीयांश होतो दहा, आणि दोन पंचमांश होतात बारा. पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी पंधराचीच असते, मोजायला सोपं. दोघांत तीन पट्ट्या, म्हणजे एकवीस जोड्यांना त्रेसष्ट. सासूबाई आयुष्यभर कपडे शिवत आल्या होत्या. चष्मा नसतानाही त्यांनी जुन्या दिनदर्शिकांच्या पानांमधून त्रेसष्ट पट्ट्या अशा कापल्या की एकीचीही कड वाकडी नव्हती.

सगळ्यात अवघड होता तो मधला भाग. पोरं काय चुकीचं बोलतील आणि मग काय करायचं. बाईंना पहिल्यांदा काहीच सुचेना. बरोबर उत्तरं त्यांना झोपेतही सांगता आली असती. त्यांनी ढिगातल्या चिठ्ठ्या पुन्हा हातात घेतल्या आणि एकेक चूक उतरवून काढली. शेवटी लिहिलं, "वेळ कमी पडला तर तिसरी पट्टी सोडून द्यावी. तासाच्या शेवटची चिठ्ठी सोडू नये."

गुरुवारी तासाच्या आधी शिट्टीसरांनी तो कागद वाचून काढला. "आणि कोणी ह्यात नसलेलंच बोललं तर?"

बाईंनी कागदाच्या उजव्या बाजूला बोटाने दाखवलं. तिथे त्यांनी कोरी जागा सोडली होती.

"इथे तुम्ही लिहिणार?"

बाईंनी मान हलवली.

तास काही गुळगुळीत झाला नाही. पट्ट्या वाटण्यातच सहा मिनिटं गेली. दोन जोड्यांनी तिन्ही पट्ट्या तृतीयांशात दुमडल्या. एकाने पट्टीचं विमान केलं आणि सरांनी सवयीने शिट्टी फुंकली, तेव्हा सगळा वर्ग उभा राहिला. बाईंनी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. त्या घाईघाईने कोऱ्या जागेत खरडत होत्या: पट्ट्या आधीच बाकावर ठेवायच्या, शिट्टी काढून ठेवायची.

मग सरांनी पहिला प्रश्न विचारला. बहुतेकांनी २/५ म्हटलं. सरांनी विचारलं, "दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान? मोजून सांगा." पट्ट्या निघाल्या, कुजबुज सुरू झाली. होबाईच्या मानेची हालचाल थांबली. तिने अर्धी पट्टी ठेवली, तिला तृतीयांश जोडला, मोजलं. पुन्हा मोजलं. मग हात वर केला. तिने ह्यापूर्वी कधी हात वर केल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"सर, नाही," ती म्हणाली. "पंचवीस येतंय. दोन पंचमांश तर बाराच होतात. म्हणजे मी लिहिलं ते चूक आहे."

"मग बरोबर काय?" सरांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले, आणि ते खरंच सांगत होते. "कोणाला माहीत आहे? पंचवीस म्हणजे तिसातला केवढा भाग?"

त्यानंतर जो गलका झाला तो बाईंनी आपल्या तासाला कधी होऊ दिला नसता. पोरं बाकांवर वाकून एकमेकांच्या पट्ट्या ओढत होती. एकजण म्हणाला पाच-पाचचे तुकडे केले तर पाच तुकडे बसतात. दुसरी म्हणाली मग अख्ख्या पट्टीत सहा बसतील. कोणीतरी "पाच षष्ठांश" म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. हे सगळं चाललेलं असताना बाई तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या. डॉक्टरांचा हुकूम नसता तर त्यांनी पहिल्या मिनिटालाच "सहा" असं सांगून टाकलं असतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त वैताग येत होता.

घंटा व्हायच्या आत सरांनी चिठ्ठ्या घेतल्या. वीस बरोबर. तेरा जणांनी पट्ट्यांचं चित्र नीट काढलं होतं पण उत्तर लिहिता आलं नव्हतं. नऊ जणांनी पुन्हा २/५ लिहिलं होतं.

"चारचे वीस झाले," सर खुशीत म्हणाले.

बाईंनी पाटीवर लिहिलं, "नऊ." आणि खाली दोन रेघा ओढल्या. ह्या नऊ जणांनी पट्टी स्वतः दुमडली, स्वतः मोजली, आणि तरीही. शुक्रवारच्या कागदावर पहिली ओळ त्या नऊ जणांची होती.

सोमवारी तपासणी पथक आलं. पथक म्हणजे एक तपासनीस आणि त्यांची फाईल उचलणारा कारकून. त्यांनी बाईंची प्रसिद्ध वही मागवली. मंगळवारपर्यंत चार रंग, नऊ रकाने. त्यानंतर कोरी पानं, त्यांना टाचणीने लावलेले दोन-तीन कागद, खाडाखोड केलेले, एकावर कोणाच्या तरी चहाचा डाग.

"उद्दिष्ट एकच?" तपासनिसांनी विचारलं. "आणि बाकीचे रकाने?"

बाईंनी घशाला हात लावला आणि पाटी घेतली. त्या लिहायला लागल्या, तेवढ्यात तपासनिसांनी पान उलटलं.

"साहेब, तास बघता का?" शिट्टीसर मध्ये पडले. "कागद तसाच दिसतो, पण वर्गात..."

"तास बघायला वेळ नाही हो. आज अजून चार शाळा आहेत." त्यांनी तांबड्या पेनाने शेरा लिहिला: टाचण विहित नमुन्यात नाही, सुधारणा अपेक्षित. बाईंची पाटी अजून अर्धीच लिहून झाली होती.

एकवीस वर्षांतला तो पहिला शेरा. मुख्याध्यापिकांनी दार बंद करून घेतलं. "बाई, मला सांगा, तुम्हाला हाच आठवडा सापडला होता का? तुमची वही मी सगळ्यांना दाखवते. आता काय दाखवू, हा चहाचा डाग?"

बुधवारी आवाज परत आला, थोडा खरखरीत. बाई सकाळीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. एवढे दिवस साठलेलं बोलायला खूप होतं, पण त्यांनी थोडक्यात आटोपलं.

"रकाने मी भरीन. पण तास झाल्यावर, शनिवारी. वर्गात जाताना माझ्याकडे एकच कागद असेल."

"झाल्यावर लिहिलं तर ते टाचण कसलं?"

"म्हणजे निदान त्यात खरं लिहिलेलं असेल," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत मुलांची उत्तरं मीच लिहीत होते."

मुख्याध्यापिका हात टेकल्यासारख्या म्हणाल्या, "काहीही करा. मला भरलेले रकाने दिसले म्हणजे झालं."

तसं सुरू झालं. शनिवारी दुपारी रकाने भरताना बाई दर वेळी वैतागत, कारण एकच गोष्ट दोनदा लिहावी लागे. नऊ जणांचे चार झाले, चारांचा एक झाला. त्या एकाच्या वहीत वर्ष संपेपर्यंत २/५ अधूनमधून उगवत राहिलं. बाईंनी त्याला पट्ट्या दिल्या, चित्रं दिली, एकट्याला बसवून समजावलं. तो प्रत्येक वेळी समजून घ्यायचा आणि आठवड्याने विसरायचा. ते त्यांना शेवटपर्यंत खुपत राहिलं.

शिट्टीसरांचं वेगळंच दुःख होतं. कोणताही गणिताचा शिक्षक गैरहजर असला की आता त्यांनाच पाठवलं जाई.

दशांश अपूर्णांकांचा धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी बाईंनी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. प्रश्न होता, ०.५ आणि ०.१२ यांत मोठं कोणतं. शिक्षकखोलीत ढीग करून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं.

"काय झालं?" समोरच्या टेबलावरून सरांनी विचारलं.

"बेचाळीसपैकी तेहेतीस जणांना ०.१२ मोठं वाटतं."

सरांनी विचार केला. "मलाही तेच वाटतं."

"सर, तुम्ही आधी मैदानावर जा बघू," बाई म्हणाल्या. सर उठून दाराशी पोचले, तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन्सिल उचलली. "नाही, थांबा. बसा. तुम्हाला का वाटतं तसं, ते आधी सांगा."